आंब्याच्या पेटीत जर्मन : आचऱ्यातल्या नऊ महिन्यांच्या नोंदी

१० जून २०२४

मालवणात एका खासगी दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, नोकरीला सात वर्षं झाली. घर आचऱ्याजवळच्या वाडीत. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारण बी२ पातळीची भाषा लागते, आणि तिथवर ए१, ए२, बी१ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. मी अजून पायरीवरसुद्धा नाही, खळ्यातच, म्हणजे अंगणातच उभी आहे.

पुण्या-मुंबईच्या मुलींना क्लास हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे भाषेचा क्लास म्हटलं की लोक स्पोकन इंग्लिशचा बोर्ड दाखवतात. म्हणून या नोंदी. उद्या देवगडची किंवा वेंगुर्ल्याची कुणी हेच करायला बसली, तर माझे पैसे आणि दिवस कुठे वाया गेले ते तिला आधीच कळेल.

आजचा खर्च: रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा ऑनलाइन कोर्स रु. ६,५००, पुस्तक रु. ७८०. घरात रेंज नाही. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, काजीच्या झाडाखाली येते. पहिला धडा एका हातात छत्री आणि एका हातात मोबाइल धरून बघितला. नोट्स कुठल्या हाताने काढायच्या?

२७ जून

कोर्समध्ये सगळं इंग्रजीतून. 'डायरेक्ट ऑब्जेक्ट', 'ॲक्युझेटिव्ह', 'सेपरेबल'. नर्सिंग मी इंग्रजीतून पास झाले, पण केसपेपर भरण्यापुरतं इंग्रजी येणं वेगळं आणि त्या इंग्रजीच्या खांद्यावर बसून तिसरी भाषा शिकणं वेगळं. आचऱ्याहून कणकवलीला जायचं म्हणून आधी गोव्याला जाऊन यायचं, असला हा प्रकार. जर्मन वाक्य कळतं तोवर मी इंग्रजी वाक्यात अडकलेली असते.

नवव्या धड्यावर सोडून दिलं. पैसे परत मिळतात का विचारलं. नाही मिळत.

१४ जुलै

गेले २९ दिवस मोबाइलवरचं फुकटचं ॲप एक दिवसही न चुकवता केलं. रोज पंधरा मिनिटं, एसटीत बसल्या बसल्या. आकडा वाढताना बघून बरं वाटायचं.

काल मुंबईहून मामेभाऊ आला. म्हणाला, बोल बघू काहीतरी. मी म्हटलं, 'मुलगा दूध पितो.' तो म्हणाला, बरं, आता मला विचार, काय रे, कधी आलास? तोंड उघडलं आणि आत काहीच नाही. एवढे दिवस मी चार पर्यायांतून एक ओळखत होते. रॅकवरची औषधाची बाटली ओळखणं एक, आणि रात्री दोन वाजता डॉक्टरांनी फोनवर विचारल्यावर डोस तोंडावर असणं एक. मी पहिलं करत होते आणि दुसरं जमेल अशी वाट बघत होते.

ॲप काढून टाकलं नाही, पण आता ते अभ्यासात मोजत नाही.

२१ जुलै

वहीत शब्दांच्या याद्या करून बघितल्या होत्या. तीस शब्द पाठ केले, आठवड्याने स्वतःला विचारले, सात उरले होते. मग सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञान-पत्रकाराने १९७२ साली सांगितलेली कार्डांची पेटी करायला घेतली. रीत सोपी आहे. पेटीला पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की कार्ड एक कप्पा पुढे जातं. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून सरळ पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. हे दिवस मी माझ्या ड्यूटीप्रमाणे ठरवलेत. हेच मोबाइलवर करता येतं, पण मोबाइल हातात आला की व्हॉट्सॲप उघडतं हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

बाबांनी माळ्यावरून हापूसची जुनी लाकडी पेटी काढून दिली. आतला पेंढा झटकला, पुठ्ठ्याचे चार पडदे उभे केले. पहिला कप्पा अरुंद ठेवा. माझा रुंद होता, त्यात मी वाट्टेल तेवढी कार्डं कोंबली आणि रोज तासभर त्यातच जायला लागला.

दोन गोष्टी ठरवल्या. एक, कार्डाच्या मागे इंग्रजी नाही. मराठी, आणि जिथे मालवणी जास्त चपखल बसेल तिथे मालवणी. दोन, सुटा शब्द लिहायचा नाही, तोंडात येईल असं छोटं वाक्य लिहायचं. पहिलं कार्ड: 'डेअर श्ट्रोम इस्ट वेक.' मागे: 'लाइट गेली.' दुसरं: 'एस रेग्नेट.' मागे: 'पाऊस पडतोय.' ही दोन वाक्यं सप्टेंबरपर्यंत रोज खरी ठरणार, सरावाची कमी नाही.

६ ऑगस्ट

११२ कार्डं गेली.

ड्यूटीमुळे तीन दिवस पेटी उघडली नव्हती. आज उघडली तर कार्डं एकमेकांना पापडासारखी चिकटलेली, वरच्यांवर हिरवट बुरशी, स्केचपेनचा रंग खालच्या चार-चार कार्डांत उतरलेला. मी साध्या वहीचे कागद कापले होते. पेटी भिंतीला लागून होती आणि ती भिंत श्रावणात कायम ओली असते. लहानपणापासून बघतेय, तरी ठेवली तिथेच.

दुरुस्ती: कार्डं आता लग्नपत्रिकांची. घरोघरच्या जुन्या पत्रिका मागून आणल्या, कोरी बाजू कापली. जाड आणि फुकट. लिहायला साधं बॉलपेन. पेटी चुलीवरच्या माळ्याखाली, जिथे आई सुकट ठेवते तिथे. धुराने कोरडी राहते. माझ्या जर्मनला आता सुक्या बांगड्याचा वास येतो, पण बुरशी नाही.

१८ ऑगस्ट

लिंगाबद्दल, कारण यात पंधरा दिवस गेले.

जर्मन नामाला तीन लिंगं: डेअर, डी, डास. इंग्रजीतून शिकवणारे इथे हात टेकतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहे, मग अवघड ते काय? असं मानून मी मराठीचं लिंग जर्मनला लावत सुटले. घर नपुंसक, 'डास हाउस' बरोबर. पाणी नपुंसक, 'डास वासर' बरोबर. पाऊस तो, 'डेअर रेगन' बरोबर. मीठ ते, 'डास झाल्च' बरोबर. मग खिडकी आली, तर 'डास फेन्स्टर'. झाड आलं, तर 'डेअर बाउम'. सूर्य चक्क बाईमाणूस, 'डी झोने'. साठ कार्डांवर मराठीवरून अंदाज केला, तेवीस बरोबर आले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी वीस आलेच असते.

मराठीचा उपयोग वेगळ्या जागी होतो. वस्तूला लिंग असतं, ते वाक्यभर विशेषणांना, सर्वनामांना ओढत नेतं आणि त्यामागे कारण शोधायचं नसतं, ही सवय आपल्या अंगात आधीच आहे. कोर्समध्ये एका धड्यात वीस मिनिटं चर्चा होती की मुलगी, म्हणजे 'मेट्शेन', नपुंसक कशी असू शकते. अहो, मालवणीत या. 'ता चेडू इला.' आमच्याकडची मुलगी कधीची नपुंसकलिंगी आहे आणि तिचं काही अडलेलं नाही. मेट्शेनच्या मागे मी फक्त 'ता चेडू' लिहिलं आणि ते कार्ड पुन्हा कधीच चुकलं नाही. (ज्यांच्या शेवटी 'शेन' हा लहानपणाचा प्रत्यय येतो ते सगळे शब्द 'डास'च.)

लिंग लक्षात ठेवायला आधी तीन रंग वापरले होते, ते ६ ऑगस्टला वाहून गेले. आता कात्री. डेअरचं कार्ड अखंड, डीचा एक कोपरा कापलेला, डासचे दोन. लाइट नसताना अंधारात बसूनसुद्धा बोटाला लिंग कळतं. रंगापेक्षा हे मला जास्त लागू पडलं, का ते विचारू नका.

२९ ऑगस्ट

उच्चार. इथे आपण मराठी माणसं फुकट श्रीमंत आहोत, पण कुणी सांगत नाही.

जर्मन 'झेड'चा उच्चार म्हणजे आपला चोरातला च. चहातला नव्हे, चोर, चूल, चमचा यांतला. साखर म्हणजे 'चुकर', च चुलीतला. चहातला च पण लागतो, 'डॉइच'च्या शेवटी. दोन्ही आपल्या घरात. केरळच्या माझ्या सहकारी नर्सला हे समजावताना मला घाम फुटला. आपण मात्र शाळेच्या पुस्तकात दोन्ही च सारखेच लिहितो, म्हणून आपल्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

उलट दोन बिंदूंचा 'उ' आपल्याकडे नाही. आठवडाभर मी त्याला साधा 'यू' म्हणत होते. मग जमलं ते फुंकणीमुळे. ओठ फुंकणीवर ठेवल्यासारखे गोल करायचे आणि ते न हलवता आत 'ई' म्हणायचं. मी खरीच फुंकणी घेऊन बसले. आई म्हणाली, "ह्या काय फुंकतस गो? चूल खंय पेटली?"

हे सोडून देऊ नका. दमट हवेला शब्द आहे 'श्व्यूल', कोकणात रोज लागणारा. ओठ सैल पडून तोच साध्या उकाराने 'श्वूल' झाला की अर्थ समलिंगी पुरुष असा होतो. दोन आठवडे मी रोज सकाळी हवेबद्दल तेच म्हणत होते.

१९ सप्टेंबर

गणपतीत बारा दिवस बुडाले. ७ तारखेला चतुर्थी, त्याआधी घर सारवणं, गणपतीवरची माटवी बांधणं, मग पाहुणे, भजनं. पेटी उघडली तर १९० कार्डं थकलेली. एका रात्रीत सगळी संपवायला बसले, पहाटे तीनपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी परत चुकली आणि चार दिवस पेटीचं तोंड बघवेना.

आता नियम: रोज नवी कार्डं जास्तीत जास्त दहा, रोजची एकूण साठ. बाकीची थांबतील.

गणपतीत एक गोष्ट मात्र कळली. आमच्या वाडीतल्या पाच वर्षांच्या पोरालासुद्धा चार आरत्या पाठ आहेत. अर्थ विचारा, एकाही ओळीचा सांगणार नाही. त्याला कार्डं कुणी करून दिली? तो मोठ्याने म्हणतो, ठेक्यात म्हणतो, रोज म्हणतो, आणि दुसऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणतो. मी आजवर जर्मन मनातल्या मनात वाचत होते. कालपासून चाळीस सेकंदांचा एक संवाद घेते आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत, मोठ्याने म्हणते. पहिले दहा वेळा अर्थाकडे बघत नाही. सड्यावर, काजीखाली. गुरं वळणारे आता माझ्याकडे बघत नाहीत.

६ ऑक्टोबर

पुण्यातल्या एका ताईंचा ऑनलाइन तास लावला. आठवड्याला एक, रु. ४००. त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, व्याकरण शिकवू नका, मला फक्त बोलायला लावा आणि चुकेन तिथे अडवा. अंगावर पडलेला एवढा एकच खर्च मी पुन्हा आनंदाने करेन. 'श्व्यूल'ची चूक त्यांना सांगितली. आधी दोन मिनिटं हसल्या.

२० ऑक्टोबर

ऐकण्याची चूक: डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या दवाखान्याच्या वायफायवरून उतरवून रोज अर्धा तास ऐकत होते. सावकाश आहेत म्हणजे आपल्याला चालतील असं वाटलं. बातम्यांची भाषा बातम्यांचीच असते, ती बी-पातळीच्या लोकांसाठी आहे. तीन आठवडे कानावरून नुसती लाट गेली. माझा आता ठोकताळा असा: दहा शब्दांत दोनापेक्षा जास्त अनोळखी असतील तर ते ऐकणं आज माझ्यासाठी नाही.

१० नोव्हेंबर

आकडे आणि घड्याळ. ही नोंद लांबणार.

एकवीस हा आकडा आपण एक आधी आणि वीस नंतर असा म्हणतो. जर्मनही तसाच: 'आइन-उंट-च्वान्चिश', एक आणि वीस. पंचेचाळीस म्हणजे पाच-चाळीस, 'फ्युन्फ-उंट-फियर्चिश' म्हणजे पाच आणि चाळीस. कोर्समधल्या बाई हे 'उलटे आकडे' म्हणून घाबरवत होत्या. उलटे कुणाला? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. जर्मन माणसाने ते बघितलं असतं तर तोही आपल्या बाजूने उभा राहिला असता. ठेच लागते ती नऊवर संपणाऱ्या आकड्यांना. ते 'नऊ आणि वीस' म्हणतात, आपल्या डोक्यात 'एकोणतीस'मधला तीस वाजतो आणि मी ३९ लिहून मोकळी. हे आकडे वेगळे काढून घोकले.

मग घड्याळ. सराव पेपरात ऐकलं, दवाखाना 'हाल्प आख्ट' वाजता उघडतो. हाल्प म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी लिहिलं ८:३०. चूक. साडेसात. पुढच्या चार प्रश्नांत तेच, चारही चूक. तिथे नोकरी लागली तर रोज तासभर उशिरा पोचले असते आणि वर तोंड करून म्हटलं असतं की वेळेवरच आलेय.

'साडे'ची सवय मोडेना. शेजारचे निवृत्त मास्तर संध्याकाळी खळ्यात येऊन बसतात. त्यांना सहज सांगितलं की हे लोक साडेतीनला अर्धा चार म्हणतात, काय हा वेडेपणा. मास्तर म्हणाले, "वेडेपणा कसला? आम्ही शाळेत औटकी पाठ केली. औट म्हणजे किती?"

"साडेतीन."

"का साडेतीन? औट आला अर्धचतुर्थ वरून. अर्धा चौथा. तीन पुरे झाले, चौथा अर्धाच झाला. कीर्तनात औट हाताचा देह म्हणतात ते ऐकलंस ना? आणि अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. तुझे जर्मन काही वेगळं बोलत नाहीत. आपणच विसरलो."

मी पाटीवर लिहून बघितलं. हाल्प फियर, अर्धा चौथा, औट, ३:३०. हाल्प द्राय, अर्धा तिसरा, अडीच, २:३०. दीडलासुद्धा त्यांच्याकडे आपल्यासारखा एकच शब्द आहे, 'आंडर्टहाल्प', आणि त्याचाही अर्थ अर्धा दुसरा. दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मी कधी शिकले नाही, माझ्या वेळेपर्यंत ते शाळेतून गेले होते. मास्तरांनी त्या रात्री औटकी पूर्ण म्हणून दाखवली, औट दाहे पस्तीसपर्यंत, कुठेही न अडखळता.

त्यानंतर 'हाल्प' चुकलं नाही. सराव पेपरातले सगळे वेळेचे प्रश्न बरोबर.

१ डिसेंबर

वाक्यरचना. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी घट्ट बसतं, ते आपल्याला परकं आहे आणि चुका होतात. पण 'कारण' आलं की बघा. 'वाइल इश फीबर हाबे.' वाइल कारण, इश मी, फीबर ताप, हाबे आहे. कारण मला ताप आहे. जसंच्या तसं, क्रियापद शेवटी. इंग्रजीवरून येणाऱ्याला हे उलटंपालटं वाटतं. मी इंग्रजीतून शिकत होते तेव्हा मलाही वाटलं होतं! आपल्याच घरातली वस्तू आपल्याला शेजाऱ्याच्या खिडकीतून दाखवली तर ओळखू येत नाही.

ताईंनी सांगितलं, दवाखान्यातलं रोजचं बोलणं लिहून आण. आता माझी स्वतःची वही आहे: सलाइन लावते, हात सरळ ठेवा, कुठे दुखतं, काल काय खाल्लं. पुस्तकातल्या माणसाला म्युन्शनमध्ये (म्युनिकमध्ये) सायकल भाड्याने घ्यायची असते. मला घ्यायची नाही.

२२ डिसेंबर

फजिती. मालवण जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांच्या रांगेत एक जर्मन जोडपं भेटलं. महिनाभर मी अशीच संधी शोधत होते. धीर करून नमस्कार केला, कुठून आलात विचारलं. ते खूश. आजीबाईंनी एक लांब वाक्य टाकलं. मला त्यातलं 'बोट' तेवढं ऐकू आलं. बोट म्हणजे बोटच. मी हसून म्हटलं, 'या, या!' दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग तेच इंग्रजीत आलं: शेवटची होडी परत कधी सुटते?

कधी या प्रश्नाला मी हो हो म्हटलं होतं.

ताईंना सांगितल्यावर त्यांनी तीन वाक्यं घोकून घ्यायला लावली: कळलं नाही, पुन्हा सांगाल का, सावकाश बोला. ही पहिल्या आठवड्यातच कार्डावर हवी होती. माझ्याकडे सहा महिने 'मुलगा दूध पितो' होतं.

१९ जानेवारी २०२५

काल ए१ची परीक्षा, मुंबईत काळा घोड्याला, मॅक्स म्युलर भवनात. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या. सीएसएमटीला पहाटे उतरून चालत गेले. जाऊन-येऊन, जेवणखाण धरून रु. १,६४०.

ऐकणं साधारण २० मिनिटं, वाचणं २५, लिहिणं २०. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचं छोटं पत्र. शेवटी तिघा-चौघांत बसून साधारण १५ मिनिटं बोलायचं. शंभरापैकी साठ मिळाले की पास. ऐकण्याच्या मधल्या भागातल्या घोषणा एकदाच ऐकवतात, बाकी दोनदा. हे मला माहीत होतं, तरी दुसऱ्यांदा ऐकवतील या आशेवर पेन थांबवून बसले आणि दोन प्रश्न गेले.

बोलण्यात स्वतःचं नाव अक्षर-अक्षर करून सांगायला लागतं. हा भाग सोपा म्हणून मी सरावच केला नव्हता. जर्मनमध्ये पहिल्या अक्षराला 'आ' म्हणतात आणि पाचव्याला 'ए'. माझ्या नावात पहिलं अक्षर तीनदा येतं, तिन्ही वेळा मी सवयीने 'ए' म्हटलं. परीक्षकांनी जे लिहून घेतलं त्या नावाची मुलगी कोकणात नसेल. पण 'कळलं नाही, पुन्हा सांगाल का' एकदा वापरलं, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

८ फेब्रुवारी

७८. पास.

एकूण खर्च, परीक्षेची फी सोडून, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे तास धरून: कोर्स ६,५००, पुस्तक ७८०, ताईंचे बावीस तास ८,८००, जादा रिचार्ज १,२००, मुंबई १,६४०. बेरीज रु. १८,९२०. त्यातले ६,५०० पाण्यात. वेळ: बुरशी, गणपती, बातम्या आणि लिंगाचे अंदाज मिळून अडीच महिने तरी. औट नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

१२ मार्च

ए२ चालू आहे. पेटीत ८४० कार्डं, पाचव्या कप्प्यात ३१० पोचली. भूतकाळाने घोळ घातलाय, कारण काही क्रियापदांना जोडीला 'हाबन' हे सहायक क्रियापद लागतं आणि काहींना 'झाइन', गेले-आलेच्या जातीची बहुतेक 'झाइन'कडे. त्यावर नोंद होईल तेव्हा होईल. वेंगुर्ल्याची एक मैत्रीण जोडीला मिळाली आहे. ड्यूटी सुटली की आम्ही एकमेकींना दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतो, जर्मनमध्ये, न पुसता. स्वतःचा आवाज ऐकताना अजून अंगावर काटा येतो.

उद्या होळी. सकाळी बाबा चुलीपाशी आले आणि वर बघून म्हणाले, "पेटी होयी माका. आंबो काढूक येतलो आता."

दुपारी कार्डं बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत भरली, कप्प्यांच्या जागी लोकरीचे धागे बांधले. पेटी बाहेर उन्हात ठेवली आहे. सुकटाचा वास जाईपर्यंत आंबा भरणार नाही म्हणतात.